सर्पगंधेची मुळी जगासमोर नेणारे डॉ. रुस्तम जाल वकील

वडीगोद्री (ता. अंबड) : बीपीची गोळी आता घरोघरी झाली आहे. पूर्वी हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या माणसांचा आजार समजायचे. आता ऊसतोड करणारा, मोसंबीच्या बागेत राबणारा, दूध घालायला जाणारा, सगळ्यांच्या खिशात ती पट्टी दिसते. पण जगाला बीपीवरची पहिली भरवशाची औषधे मिळाली त्यातले एक आपल्याच मातीतल्या झुडपाच्या मुळीतून निघाले आणि ते जगाच्या दवाखान्यात नेऊन ठेवणारा डॉक्टर मुंबईचा होता, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. आधुनिक भारतीय हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून डॉक्टर मंडळी त्यांचे नाव घेतात. गावाकडे मात्र ते पोहोचले नाही.

त्यांचे काम आज सांगायचे कारण आहे. ईसीजी काढला, रेघा बदललेल्या दिसल्या की आपल्याकडे दोन टोके होतात. कोणी म्हणते हे घराण्यातूनच आले आहे, आता काय करणार. कोणी म्हणते मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला. ही दोन्ही टोके चुकीची कशी, ते वकील यांच्या आयुष्याकडे पाहिले की समजते.

मुंबईत जन्म, लंडनमध्ये शिक्षण

रुस्तम वकील यांचा जन्म 1911 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि तिथल्या विद्यापीठाची एमडी ही वरची पदवी मिळवली. तो काळ हृदयाच्या डॉक्टरकीसाठी नवा होता. रक्तदाब मोजायचा हाताचा पट्टा 1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी काढला. पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकायची रीत 1905 मध्ये रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी दाखवली. हृदयातली वीज कागदावर उतरवणारे यंत्र हॉलंडच्या लायडन गावी विलेम आइंथोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केले, त्याबद्दल त्यांना 1924 चे नोबेल मिळाले. पहिले यंत्र एवढे मोठे होते की ते चालवायला पाच माणसे लागायची आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावे लागायचे. वकील शिकत होते तेव्हा हे यंत्र आटोपशीर होऊन मोठ्या दवाखान्यांत आले होते.

म्हणजे हृदयाकडे पाहायची नवी साधने हातात आलेली पहिली एकदोन पिढ्या, त्यात वकील होते. नाडी धरून अंदाज बांधायचे दिवस जाऊन आकडा लिहून ठेवायचे दिवस येत होते. ही आकडा लिहायची सवय त्यांनी मुंबईत परत येताना सोबत आणली.

1930 च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईला परतले. परळच्या केईएम रुग्णालयाशी त्यांचे नाव जोडले गेले. हे रुग्णालय 1926 मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेल्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी देणाऱ्यांची अट होती की तिथे शिकवणारे भारतीयच असावेत. परळ हा गिरणगाव. तिथे येणारा रुग्ण गिरणी कामगार, हमाल, घाटावरून पोट भरायला आलेला माणूस. वकील यांच्यापुढे रोज असा सामान्य माणूस बसत होता.

बीपी कळायचे, पण औषध नव्हते

त्या काळात डॉक्टरला बीपी मोजता येत होते, उतरवता येत नव्हते. रुग्णाला अंथरुणावर पडून राहायला सांगायचे, मीठ बंद करायचे, नुसत्या भातावर ठेवायचे, झोपेची औषधे द्यायची. फारच वाढले तर पाठीच्या कण्याजवळच्या शिरा कापायची मोठी शस्त्रक्रिया करायची. सामान्य माणसाला यातले काय परवडणार?

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उदाहरण घ्या. जगातल्या सर्वात बलाढ्य देशाचा प्रमुख. त्यांचे बीपी वर्षानुवर्षे चढत गेले, डॉक्टर ते लिहून ठेवत गेले आणि 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. पैसा, सत्ता, डॉक्टर सगळे होते. उपयोगी पडेल अशी गोळी नव्हती.

बरेच डॉक्टर तर असे मानायचे की चढलेले बीपी हा आजारच नाही, वयाबरोबर शरीराने केलेली ती सोय आहे, ती उतरवली तर उलट अपाय होईल. आजही आपल्या पारावर कोणी तरी असे सांगताना भेटतो, की माझे बीपी पहिल्यापासूनच जास्त आहे, मला ते चालते. हा गैरसमज एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांचाही होता.

मुळी जुनी, काम नवे

सर्पगंधा हे कमरेएवढे झुडूप. पांढरी-गुलाबी फुले, नंतर काळपट फळे. औषध असते ते मुळीत. आपल्याकडचे वैद्य आणि उत्तरेकडचे हकीम ही मुळी झोप न येणे, वेड लागणे, साप चावणे अशा गोष्टींवर वापरत आले. सापाच्या विषावर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही, तिथे इंजेक्शनच हवे. पण डोके शांत करते ही तिची ख्याती खोटी नव्हती.

1931 मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की ही मुळी वेडावर चालते आणि वाढलेल्या बीपीवरही चालते. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमां सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन नाव दिले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. 1934 पासून हिमालया कंपनीची सर्पिना ही गोळी देशात मिळू लागली.

तेव्हा ही मुळी वकील यांनी शोधली असे म्हणणे बरोबर होणार नाही. मग त्यांनी काय केले? त्यांनी ती मोजली. अमुक रुग्णाला बरे वाटले, तमुक रुग्ण शांत झोपला, एवढ्यावर जग विश्वास ठेवत नाही. ज्या रुग्णाच्या बीपीला दुसरे उघड कारण नाही, म्हणजे मूत्रपिंडाचा वगैरे आजार नाही, असे 50 रुग्ण त्यांनी घेतले. आधी बीपी लिहिले, मग मुळीचे औषध ठरलेल्या मात्रेत दिले, नंतरचे बीपी लिहिले. कोणाचे किती उतरले, कोणाचे उतरलेच नाही, औषधाचा त्रास काय झाला, हे सगळे कागदावर मांडले.

हा निबंध 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या लंडनच्या मासिकात छापून आला. आधीची भारतीय कामे देशातल्या मासिकांत होती, ती बाहेर कोणी वाचली नाहीत. वकील यांनी ती गोष्ट जगाच्या पेठेत नेऊन ठेवली, आणि तीही आकड्यांसह. आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचे तर माल चांगला होता, पण तो वजनकाट्यावर कोणी घातला नव्हता.

बोस्टन ते स्टॉकहोम नव्हे, पण न्यूयॉर्कपर्यंत

अमेरिकेत बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचला. त्यांनी मुळीचे औषध मिळवून आपल्या रुग्णांना दिले आणि बीपी उतरते, नाडीही संथ होते असे त्यांनाही दिसले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रिझर्पिन. 1956 मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी तेच द्रव्य मुळीशिवाय प्रयोगशाळेत बनवून दाखवले. आपल्याकडच्या जुन्या माणसांना अडेल्फेन ही गोळी आठवत असेल, तिच्यात हेच रिझर्पिन होते.

ते काम कसे करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी एका द्रव्याचा साठा असतो. ते सुटले की रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात पळते. रिझर्पिन हा साठाच रिकामा करते. वाहिन्या सैल पडतात, हृदय संथ होते, दाब उतरतो. कालव्याचे गेट मागून कमी करावे तसे ते आहे.

1957 मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यक क्षेत्रात नोबेलच्या खालोखाल ज्यांचे नाव घेतात त्यातला हा पुरस्कार. त्याच वर्षी नेथन क्लाइन, हाइन्झ लेहमान अशा मानसिक आजारांवर औषध शोधणाऱ्या डॉक्टरांचाही गौरव झाला, आणि क्लाइन यांचे काम याच मुळीवरचे होते. वैद्यांनी सांगितलेले मुळीचे दोन्ही गुण, डोके शांत करणे आणि बीपी उतरवणे, एकाच वर्षी मान्य झाले. 1958 मध्ये भारत सरकारने वकील यांना पद्मभूषण दिले, 1965 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

पण पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट 1967 मध्ये घडली. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने खूप वाढलेले बीपी असलेल्या 143 पुरुषांवर चाचणी झाली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. औषधांच्या त्या तिकडीत एक रिझर्पिन होते. रिकामी गोळी घेणाऱ्यांत 4 जण दगावले, औषध घेणाऱ्यांत एकही नाही. बीपी उतरवले तर माणूस वाचतो, हे त्या दिवशी पक्के झाले. आज आशाताई घरी येऊन गोळी चालू आहे का विचारतात, त्यामागे ही सगळी वाट आहे, आणि त्या वाटेवरचा एक दगड परळला बसवलेला आहे.

बीपी कागदावर कसे दिसते

आता ईसीजीकडे येऊ. वकील हे हृदयाचे डॉक्टर, त्यामुळे बीपीचा आकडा हा त्यांच्यासाठी शेवट नव्हता. दाब वाढला की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर पुढे ईसीजीच्या कागदावर दिसतो.

हृदयात स्वतःची वीज असते. वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिकाण आहे, तिथून ती उठते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबते, मग खालच्या मोठ्या कप्प्यांत पसरते. कागदावरचा पहिला लहान उंचवटा वरच्या कप्प्यांचा, त्याला पी म्हणतात. मधला टोकदार सुळका खालच्या कप्प्यांचा, तो क्यूआरएस. शेवटचा गोल उंचवटा म्हणजे हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार होण्याचा, तो टी. ही नावे आइंथोवेन यांनीच दिली. कागदावर एक लहान चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. पी सुरू झाल्यापासून सुळका सुरू होईपर्यंत साधारण तीन ते पाच चौकटी लागतात. सुळक्याची रुंदी तीन चौकटींच्या आत असावी लागते.

वर्षानुवर्षे बीपी चढलेले राहिले की डावा कप्पा जाड होतो. नांगराच्या बैलाचा खांदा जाड व्हावा तसा. कप्पा जाड झाला की सुळका उंच होतो, पुढे टी उलटा पडू लागतो. रुग्णाला काहीही जाणवत नसते. चालतो, खातो, काम करतो. कागद मात्र सांगत असतो की आतल्या मांसावर भार पडला आहे. चांगली गोष्ट अशी की बीपी वेळेत आवाक्यात आणले तर ही जाडी बऱ्याच जणांत कमीही होते.

घराण्यातून काय येते

प्रत्येकाचा ईसीजी थोडा वेगळा असतो. चेहऱ्यासारखाच. त्यातला काही भाग आईबापाकडून येतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात 1948 पासून सामान्य नागरिकांचे हृदय तपासले जात आहे, आता त्यांची मुले-नातवंडेही त्यात आहेत. तिथे हिशेब निघाला की हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, ज्याला क्यूटी म्हणतात, तो माणसामाणसात वेगळा असतो, त्या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा वंशातून येतो. बाकीचा वय, औषधे, आजार, शरीरातले क्षार अशा गोष्टींतून.

आपल्या लोकांवरही असे काम झाले आहे. पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या साडेसहा हजार लोकांच्या ईसीजीचा आणि जनुकांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एससीएन10ए नावाच्या जनुकातला एक लहानसा फरक सापडला. तो ज्यांच्यात आहे त्यांच्या हृदयात वीज वरून खाली पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो. ही माणसे आजारी नव्हती, तुमच्या-आमच्यासारखी होती. फरक एवढा बारीक की जन्मभर कळणारही नाही. पण उतारवयात हृदयातली वीज अडण्याचा धोका अशांना थोडा जास्त.

इथे एक घोळ सांगितला पाहिजे. ईसीजीच्या कागदावर ब्लॉक असा शब्द आला की घरचे घाबरून पैशांची जमवाजमव करायला लागतात, नस बंद झाली म्हणून. ईसीजीतला ब्लॉक हा बहुतेक वेळा विजेच्या वाटेतला अडथळा असतो, रक्ताच्या नळीतला नव्हे. वायर वेगळी आणि पाइप वेगळा. काही ब्लॉक निरुपद्रवी असतात, काही जन्मजात असतात, काही आजाराची खूण असतात. कोणता कशातला, ते डॉक्टरला विचारूनच घ्यावे.

बीपीचेही तसेच आहे. आईबाप दोघांना बीपी असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. पण त्यामागे एकच जनुक नाही, शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक आहेत. त्यावर मीठ, वजन, तंबाखू, दारू, अपुरी झोप यांची भर पडते. बियाणे वडिलांकडून आले तरी खत-पाणी आपणच देतो.

कागद बदलणाऱ्या रोजच्या गोष्टी

वंशाशिवाय ईसीजी बदलणाऱ्या गोष्टी आपल्या आजूबाजूलाच आहेत. बारीक, सडपातळ पोराच्या छातीवर सुळके उंच दिसतात, ते जाडी असल्यामुळे नव्हे तर यंत्राच्या तारा हृदयाच्या जवळ आल्यामुळे. रोज कष्ट करणाऱ्याची किंवा भरतीसाठी पळणाऱ्याची नाडी संथ असते, तो दोष नाही. बायकांचा क्यूटी पुरुषांपेक्षा थोडा लांब असतो. जुलाब-उलट्या झाल्या, शरीरातले पोटॅशियम उतरले की टी चपटा पडतो. लघवी वाढवणाऱ्या काही बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम उतरते, म्हणून डॉक्टर मधून मधून रक्त तपासायला सांगतात.

शेतकऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. मोनोक्रोटोफॉससारखी फवारणीची औषधे अंगात गेली तर क्यूटी लांबतो आणि हृदयाचा ताल बिघडू शकतो. कपाशीवर फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यापुढे अंधुक, तोंडाला लाळ असे झाले तर लिंबू-सरबत पाजून झोपवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. डॉक्टरला औषधाची बाटली किंवा तिचे नाव दाखवा.

त्याच मुळीतले दुसरे औषध

आता ते अजमलिन. 1931 मध्ये दिल्लीत सर्पगंधेतून निघालेले हे द्रव्य हृदयाच्या विजेवर काम करते. 1992 मध्ये पेड्रो आणि होसेप ब्रुगाडा या दोन डॉक्टर भावांनी एक आजार मांडला. धडधाकट माणूस, बहुतेक वेळा तरुण किंवा मध्यम वयाचा पुरुष, झोपेतच जातो. हृदयाच्या नळ्या स्वच्छ असतात. बिघाड विजेत असतो आणि तो वंशातून येतो. 1998 मध्ये एससीएन5ए या जनुकाशी त्याचा संबंध सापडला. अडचण अशी की अशा माणसाचा ईसीजी पुष्कळदा साधाच दिसतो. तेव्हा मोठ्या रुग्णालयात, सगळी तयारी ठेवून, शिरेतून अजमलिन देतात आणि लपलेली ती खूण कागदावर उमटते का पाहतात. युरोपातल्या रुग्णालयांत ही तपासणी नेहमीची आहे.

एकाच मुळीचे हे दोन हिस्से पाहा. रिझर्पिन आयुष्यात वाढलेल्या दाबावर चालले. अजमलिन जन्मतः आलेला दोष उघडा करते. हृदयाच्या रेघेमागची दोन्ही कारणे, मिळवलेली आणि मिळालेली, या एका झुडपाने दाखवली. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक, झोपेत किंवा काम करता करता गेले असेल तर ते नशीब म्हणून सोडून देऊ नका. सख्ख्या भावंडांचा, मुलांचा ईसीजी काढून हृदयाच्या डॉक्टरला दाखवा.

झटक्याच्या आधीचा माणूस

वकील मुळीवरच थांबले नाहीत. 1960 च्या दशकात त्यांनी हृदयाचा मोठा झटका येण्याआधीच्या अवस्थेवर काम केले आणि ते अमेरिकेच्या मासिकांत छापून आले. छातीत दुखते, वारंवार दुखते, पण ईसीजीवर पूर्ण झटक्याची खूण नाही, असा रुग्ण. त्याला घरी पाठवायचे की धरून ठेवायचे? वकील यांनी हा रुग्ण वेगळा ओळखायला आणि त्याच्यावर लगेच उपचार करायला सांगितले. आज छातीत दुखल्यावर डॉक्टर एक ईसीजी चांगला आला तरी थोड्या वेळाने दुसरा काढतात, रक्ताची तपासणी करतात, त्याचे कारण हेच आहे. पहिला कागद साफ आला म्हणून उठून घरी येणे धोक्याचे.

शिकवणे हा त्यांचा दुसरा मोठा उद्योग. डॉ. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी रुग्ण कसा तपासावा यावर पुस्तक लिहिले. भारतीय डॉक्टरांच्या असोसिएशन ऑफ फिजिशियन्स या संघटनेने 1969 मध्ये आपले वैद्यकाचे मोठे पाठ्यपुस्तक काढले, त्याचे पहिले संपादक वकील होते. तोवर आपली मुले इंग्लंड-अमेरिकेची पुस्तके वाचत, त्यात आपल्याकडचे आजार कोपऱ्यात असत. ते पुस्तक नव्या आवृत्त्यांतून आजही चालते. तालुक्याच्या गावी बसणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरच्या कपाटात ते असण्याची शक्यता मोठी. म्हणजे वकील आपल्या भागात आले नाहीत, पण त्यांचे शिकवणे आले.

1974 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. वय 63.

मुळीचे पुढे काय झाले

गोष्ट गोडच संपली असे नाही. जगभर मागणी वाढली आणि जंगलातली सर्पगंधा उपटून उपटून संपत आली. मुळीसाठी अख्खे झुडूप जाते. 1990 पासून ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत आहे. औषधाचेही दोष कळले. जास्त मात्रेत रिझर्पिन घेणाऱ्यांना उदासी येऊ लागली, नाक चोंदणे, सुस्ती होतीच. त्याहून चांगल्या गोळ्या आल्या आणि रिझर्पिन मागे पडले. हेही मोजण्यामुळेच कळले. जी वही गुण लिहिते तीच अवगुण लिहिते.

म्हणून हे वाचून कोणी सर्पगंधेची मुळी आणून उगाळू नये. एका मुळीत औषध किती ते डोळ्याने कळत नाही. वकील यांनी मुळी दिली ती ठरलेल्या मात्रेत, रोज बीपी मोजून. चालू असलेली गोळी बंद करून मुळी घेणे म्हणजे त्यांच्या कामाच्या बरोबर उलट वागणे.

आपल्यासाठी

तिशी झाली की वर्षातून एकदा बीपी मोजा, प्राथमिक आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे वारंवार येत असेल तर गोळी लागते की नाही ते डॉक्टर ठरवेल. गोळी सुरू झाल्यावर बीपी चांगले आले, तर ते गोळीमुळे चांगले आले आहे, म्हणून ती मनाने बंद करू नका. घरात कोणाला बीपी, झटका, लकवा किंवा अचानक मृत्यू झाला आहे, कोणत्या वयात झाला, हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका.

आणि शेवटची गोष्ट ईसीजीच्या कागदाची. तुमची रेघ तुमच्यासारखी असते, त्यामुळे नव्या कागदाला जुन्याची जोड असेल तर डॉक्टरला लगेच कळते की हा फरक जन्माचा आहे की आजचा. रात्री अपरात्री छातीत दुखल्यावर तर जुन्या कागदाची किंमत फार असते. पण त्या चकचकीत कागदावरची शाई उन्हाने, उष्णतेने काही महिन्यांत पुसट होते. म्हणून काढल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा, वर तारीख आणि त्या दिवशीचे बीपी लिहा. आणि हा कागद कुठे ठेवला आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.